हिरवा म्हणजे कुठला हिरवा, हे सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्ही वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान असाल, आवाजावरून तसंच वाटतं. तरी ताईच म्हणते. तुमचं नाव मात्र इथे लिहीत नाही. माझ्यासाठी जे केलंत त्याची तुम्ही कुठेही वाच्यता केली नाहीत, मग मी तरी चारचौघांत तुमचं नाव का घेऊ? नाशिकमधल्या रोजच्या आवडीच्या वस्तूंबद्दल तुम्ही व्हिडिओ करता, सुती साड्या, भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी, कुठल्या गल्लीतली मिसळ, कुठला चहाचा कप. ज्यांना तुमचा आवाज ओळखीचा आहे ते ओळखतील.

हे पत्र मी फोनशी बोलून लिहितेय. शब्द चुकले तर लेक दुरुस्त करेल. म्हणणं सगळं माझंच आहे.

मी इंदिरानगरमध्ये घरीच ब्लाउज शिवायची. काचबिंदूने आधी कडेची नजर नेली, मग मधली. हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतच नाही. डोळ्यातला दाब आतल्या नसेला झिजवत राहतो आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी चाळिशी उलटली की डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, एवढं सांगते आणि हा विषय सोडते.

शिवणाऱ्या बाईची नजर गेली म्हणजे तिचं काम गेलं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. माझे रंग गेले, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ब्लाउज शिवणारी बाई नुसतं हिरवा म्हणत नाही हो. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, रामा, हे सगळे वेगळे. लाल म्हटलं तर डाळिंबी की कुसुंबी, जांभळा म्हटलं तर अंजिरी की वांगी, निळा म्हटलं तर चिंतामणी की आसमानी, हे आधी ठरायचं आणि मग अस्तर. मेनरोडला मॅचिंग करायला गेले की साडीचा पदर हातात धरून मी दुकानाबाहेर उजेडात यायची, कारण आतल्या ट्यूबलाइटखाली अंजिरी आणि डाळिंबी एकसारखेच दिसतात. दुकानदार कंटाळायचे. गिऱ्हाईक मात्र खूश असायचं, कारण माझ्या ब्लाउजचं अस्तर कधी साडीला परकं वाटलं नाही.

नजर गेल्यावर माझ्या जगात चारच रंग उरले. निळी साडी काढू का, पिवळा ब्लाउज आहे, लाल पिशवीत ठेवलंय. घरचे वाईट नाहीत, माझे यजमान तर माझ्यासाठी रात्रंदिवस राबतात. पण सगळ्यांचे प्रश्न एकाच जातीचे झाले. औषध घेतलं का? काठी कुठेय? पाणी हवंय का? माझी गरज सगळे विचारत होते. माझी आवड कोणी विचारत नव्हतं. आवड असायला डोळे लागतात असं लोकांना वाटत असावं. भाचीच्या साखरपुड्यासाठी साडी घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो होतो. मी विक्रेत्याला विचारलं, हा नक्की कुठला रंग? तो माझ्याशी बोललाच नाही. यजमानांकडे वळून म्हणाला, "काका, ताईंना दिसत नाही ना, मग कुठलाही चालेल की." साडी न घेताच आम्ही बाहेर आलो. ते वाक्य अजून कानात आहे.

मग लेकीने फोनवर टॉकबॅक लावून दिलं. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन वाचतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडतो. बातम्या वाचता येऊ लागल्या, बहिणींच्या ग्रुपमध्ये बोलता येऊ लागलं. याचा आनंद केवढा होता ते दिसणाऱ्या माणसाला सांगून कळणार नाही. पण ज्या गोष्टींसाठी बायका दुपारी फोन हातात घेतात, साड्या, भांडी, घर सजवणं, नवीन काय आलंय, तिथे माझ्यासाठी दार बंदच होतं. व्हिडिओ उघडावा तर नुसतं गाणं. सगळी माहिती पडद्यावर अक्षरांत, आणि व्हिडिओतली अक्षरं टॉकबॅक वाचत नाही. फोटो उघडावा तर फोन म्हणणार, कदाचित एक व्यक्ती आणि घराबाहेरचं दृश्य. फोनला वाचून दाखवता येईल असं वर्णन फोटोला जोडायची सोय इन्स्टाग्रामवर २०१८ पासून आहे. माहिती आम्हालाही वापरता येईल अशा रूपात मिळावी असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. सोय होती, कायदा होता, लिहिणारं माणूस नव्हतं.

मी विचारून पाहिलं. ज्यांना लाखो लोक ऐकतात अशा काहींना लिहिलं की व्हिडिओत जे दाखवता ते तोंडाने सांगाल का, आम्हा न दिसणाऱ्यांनाही कळेल. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकीने जोडलेले हात पाठवले आणि लिहिलं की तुमच्या हिमतीला सलाम. एकाने तर विचारलं की तुमच्यावरच एक प्रेरणादायी व्हिडिओ करू का, लोकांना खूप आवडेल. मला सलाम नको होता आणि व्हिडिओही नको होता. ती साडी कुठल्या रंगाची आहे, एवढंच हवं होतं.

तुम्हाला लिहिलं तेव्हा फारशी आशा नव्हती. संध्याकाळी तुमचं उत्तर आलं. दोनच शब्द.

"उद्यापासून बोलते."

मी किती वर्षं अशी आहे, कशाने झालं, काही उपाय नाही का, यातलं तुम्ही काही विचारलं नाहीत. अरेरे म्हणाला नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी खरंच बोललात.

तो व्हिडिओ एका सुती साडीचा होता. तुमच्या इतर व्हिडिओंच्या मानाने साधाच असेल. सुरुवातीला तुम्ही जरा अडखळलात, सवय नव्हती. साडी उलगडतानाचा आवाज आला, मग तुम्ही कापड माइकजवळ नेऊन बोटांत चुरगाळलंत. त्या सरसरीवरून मी ओळखलं की खळ अजून गेलेली नाही, दोन धुण्यांनंतर मऊ पडेल. आणि मग तुम्ही म्हणालात, "ही हिरवी आहे." एवढ्यावर थांबला असतात तरी मी आभारच मानले असते. पण तुम्ही जरा थांबून म्हणालात, "म्हणजे पोपटी नाही, शेवाळीही नाही. सकाळी गंगेवरच्या, आपल्या गोदाघाटाच्या भाजीबाजारात मेथीच्या जुडीवर पाणी मारतात ना, तेव्हा दिसतो तो हिरवा. काठ बोटभर, हळदीच्या रंगाचा."

ताई, मला दिसली. अख्खी साडी दिसली. गोदाघाट दिसला, तिथल्या बाईचा ओला हात दिसला, जुडीवरचं पाणी दिसलं आणि तो हिरवा दिसला. लेकीला हाक मारून मी कपाटातलं अस्तराच्या तुकड्यांचं गाठोडं काढायला लावलं, शिवणकाम सुटलं तरी ते मी टाकलेलं नाही. तिला तो व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, या हिरव्याचा तुकडा आपल्याकडे आहे, शोध. तिने शोधून काढला. बोटांत घेतल्याबरोबर मी सांगितलं की हा शेजारच्या काकूंच्या ब्लाउजमधून उरलेला आहे, कारण त्याची एक कड मी तिरकी कापली होती. लेक माझ्याकडे बघत राहिली असणार, कारण बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तुला सगळे रंग आठवतात?" इतक्या दिवसांत हे तिने पहिल्यांदा विचारलं. त्या रात्री आम्ही दोघी गाठोडं मधे घेऊन बसलो होतो. ती एकेक तुकडा उजेडात धरून वर्णन करायची आणि मी नाव सांगायची. अबोली, गुलबक्षी, मोतिया, आमसुली. यातली निम्मी नावं तिला माहीतच नव्हती. आता ती निळी साडी काढू का असं विचारत नाही. चिंतामणी काढू का असं विचारते.

मला सगळ्यात जास्त जपावंसं वाटतं ते हेच, की तुम्ही जरा थांबलात. हिरवी म्हणून झालं होतं. तरी पलीकडे ऐकणाऱ्या बाईला कुठला हिरवा ते कळलं पाहिजे, असं तुमच्या मनात आलं. माझ्या आवडीला किंमत आहे हे तुम्ही गृहीतच धरलंत.

त्यानंतर तुम्ही बोलतच राहिलात. भांडी बाजारातल्या तांब्याला टिचकी मारून त्याचा नाद ऐकवलात आणि मग पातळ पत्र्याच्या तांब्याचा ऐकवलात. फरक कानाला लगेच कळतो. यजमानांना घेऊन मी तिथे गेले आणि टिचकी मारून स्वतः तांब्या निवडला. दुकानदार म्हणाले, अशी पारख करणारं गिऱ्हाईक आता येत नाही. मिसळीच्या व्हिडिओत रस्सा काळ्या मसाल्याचा आहे की लाल, तर्री किती, पापड भाजका की तळलेला, सोबत जिलबी आहे का, सगळं सांगितलंत. नाशिककराला यातलं काहीही फालतू वाटत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमच्या व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांबद्दलही मला बोलायचंय, कारण सोशल मीडिया म्हणजे नुसती भांडणं आणि दिखावा असं आमच्या पिढीत सारखं ऐकू येतं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही बोलायला लागल्यावर खाली काय घडलं ते मी रोज ऐकते. दिंडोरीकडच्या एका बाईंनी लिहिलं की सासूबाईंना वाचता येत नाही, आता त्या सोबत बसून ऐकतात. एका रिक्षावाल्या दादांनी लिहिलं की रिक्षा चालवताना बघता येत नाही, पण तुमचं बोलणं कानावर पडतं. मग लोकही आपापल्या वस्तूंचं वर्णन करू लागले. कोणी आजीच्या पितळी डब्याचं, कोणी दारातल्या मोगऱ्याचं. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप मला तिथेच कळलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती किती रुपयांची आहे ते बोलून सांगतं, नेट नसलं तरी चालतं. २०२० पासून ते आहे आणि मला बँकेत कोणी सांगितलं नव्हतं. एका अनोळखी मुलीने सांगितलं, तेही चहाच्या कपाच्या व्हिडिओखाली. आता भाजी घेताना सुटे पैसे मी स्वतः मोजते.

अशी माणसं या गावात आहेत, फक्त ती गाजावाजा करत नाहीत. बुधवारच्या बाजारातली एक भाजीवाली मी समोर बसले की वांगं न बोलता माझ्या हातात ठेवते, देठ माझ्या अंगठ्याखाली येईल असं, म्हणजे ताजं आहे की नाही ते मला कळावं. तिने कुठलं प्रशिक्षण घेतलंय? तुम्ही तरी कुठे घेतलंय? समोरच्याला काय कळत नाही हे बघण्याऐवजी त्याला काय कळू शकतं हे तुम्ही दोघींनी पाहिलंत. ज्यांच्याकडे मोठाली दुकानं आणि लाखो ऐकणारे आहेत, त्यांना यातलं काय जड होतं ते मला अजून समजलेलं नाही.

भाचीच्या लग्नाला मी अंजिरी साडी नेसले. दुसऱ्या दुकानात गेलो होतो, तुमचे दोन व्हिडिओ आधी ऐकून. तिथल्या मुलीला मी सांगितलं, मला रंगाचं नाव नको, तुला बघून काय आठवतं ते सांग. ती आधी लाजली आणि मग इतकं सुरेख सांगू लागली की शेजारच्या गिऱ्हाइकांनीही आपल्या साड्या तिच्यापुढे केल्या. मांडवात तीन-चार बायकांनी विचारलं, कोणी निवडली हो साडी? मी म्हटलं, मी.

आता एक मागणं आहे. आभाराच्या पत्रात मागू नये म्हणतात, पण तुमच्याकडे मागायला संकोच वाटत नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद, उघडतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी त्या पाहिल्या आहेत. फुलं उकळून केलेला रंग, प्रत्येक रहाडीचा ठरलेला, आणि वरून धप्पा मारणारी, म्हणजे रंगात धपकन उडी टाकणारी पोरं. नजर गेल्यापासून त्या गर्दीत मला कोणी नेत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे. तुम्ही जाणार असाल तर कडेला उभ्या राहून पाण्याचा रंग सांगाल का? पहिला धप्पा पडायच्या आधी कसा असतो आणि शेकडो माणसं त्यात उतरल्यावर कसा होतो, दोन्ही सांगा. धप्प्याचा आवाज तर हवाच. फोन सांभाळा, तिथे कोणी कोणाला कोरडं सोडत नाही.

तुमची,
इंदिरानगरची ब्लाउजवाली काकू
नाशिक