विमानातल्या वायफायचे नाव आधी जाहीर करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एअर इंडियाने जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत वायफाय सुरू केले. सोय चांगलीच; पण ते जोडताना काय जपायचे, हे प्रवाशाला कोणी सांगत नाही.

विमान ३ हजार मीटरच्या वर गेल्याशिवाय इंटरनेट वापरता येत नाही, हा आपल्याकडचा नियम आहे. त्यामुळे चाके उचलताच केबिन क्रूवर डाफरण्यात अर्थ नाही. हे इंटरनेट उपग्रहामार्फत येते; तो भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा असेल, तर संदेश जवळपास ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली येतो. व्हिडिओ कॉल अडखळणारच. खरी डोकेदुखी वायफाय जोडल्यावर येणारे लॉगिनचे पान न उघडण्याची. बऱ्याचदा फोनमधले व्हीपीएन (आपली माहिती इतरांना वाचता येऊ नये अशी पाठवणारी सोय) किंवा 'प्रायव्हेट डीएनएस' (संकेतस्थळांचे पत्ते तसेच गुप्तपणे शोधणारी सेटिंग) आडवे येते. ते बंद केले की पान उघडते.

मेख इथेच आहे. आपण कोणाच्या नेटवर्कवर आहोत याची खात्री नसते, नेमके तेव्हाच संरक्षण काढून ठेवायचे! एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात एका देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना संशयास्पद वायफाय आढळले. खऱ्यासारख्या नावाचे बनावट नेटवर्क एक प्रवासीच चालवत होता. जो जोडेल त्याला ईमेल किंवा समाजमाध्यमाचे लॉगिन मागणारे पान दिसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पर्थच्या न्यायालयाने या आणि इतर गुन्ह्यांसाठी त्याला ७ वर्षे ४ महिन्यांचा तुरुंगवास सुनावला.

हे टाळायला कंपन्यांना खर्चही फारसा नाही. नेटवर्कचे नेमके नाव आणि लॉगिनला काय विचारले जाईल, एवढे समोरच्या कार्डावर छापावे. ईमेलचा पासवर्ड आम्ही कधीच मागत नाही, हेही ठळक लिहावे. उद्घोषणेतही सांगावे, मुंबई-नागपूर विमानात मराठीतून सांगायला काय हरकत आहे? पट्टा कसा बांधायचा ते दर वेळी सांगतातच की.

प्रवाशांनीही लॉगिन झाल्यावर व्हीपीएन पुन्हा चालू करावे आणि ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा (म्हणजे संकेतस्थळ खरे असल्याची खात्री पटत नाही असा) दिला, तर 'पुढे जा' दाबू नये. व्हॉट्सॲप किंवा बँकेच्या ॲपमधली माहिती कूटबद्ध, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणारी असते, त्याची धास्ती नको. मात्र फोन एअरप्लेन मोडवर असताना एसएमएसने येणारा ओटीपी सहसा मिळत नाही. पैशांचे काम विमानतळावरच, स्वतःच्या मोबाइल डेटावर उरकावे.

– एक वाचक, डोंबिवली