कार्डावर ‘विटामिन के’ लिहिलंय का, बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या लेकीचं बाळंतपण माहेरी, इथं सोलापुरातच झालं, मार्चमध्ये. मुलगी, पावणेतीन किलो, सगळं छान. सव्वा महिन्याची झाली तेव्हा सकाळी दुपट्यावर रक्ताचे दोन डाग दिसले, नाकातनं आलेलं, आणि मीच म्हणाले ऊन केवढं तापलंय, घोळणा फुटला असेल, आपल्याकडं एप्रिलमध्ये कुणाचा फुटत नाही. तीन दिवसांनी ती दूध प्यायची बंद झाली, उलट्या, बारीक कण्हल्यागत रडणं, आणि टाळूला तेल घालायला गेले तर टाळू हाताला टणक, वर आलेली लागली. दवाखान्यात नेईपर्यंत झटका आला. स्कॅन केला, मेंदूत रक्तस्राव.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, जन्मल्यावर मांडीत विटामिन के दिलं होतं का? कार्डावर बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटीस बी सगळं होतं, के कुठंच नाही. जिथं डिलिव्हरी झाली तिथं विचारलं तर म्हणाले दिलं असेल, लिहायचं राहिलं असेल!

रक्त गोठायला हे विटामिन लागतं. पोटात असताना आईकडनं बाळाला ते फार थोडं मिळतं, आईच्या दुधातही कमीच असतं (म्हणून दूध बंद करू नका, दूध पाजायचंच, इंजेक्शन वेगळं द्यायचं). कधी पहिल्या आठवड्यात नाळेतनं नाहीतर शीतनं रक्त जातं, आणि कधी सगळं बरं दिसत असताना दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत केव्हाही, तेव्हा बऱ्याचदा थेट मेंदूतच. साधारण १ मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, अमेरिकेत १९६१ पासून सगळ्या बाळांना द्या म्हणतात. आईला फिटची नाहीतर टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, त्या बाळांना पहिल्या दिवशीच धोका असतो.

नात वाचली. आता सात महिन्यांची आहे, डावा हात कमी हलवते, फिटचं औषध रोज चालू आहे.

माझी दवाखान्यांना हात जोडून विनंती, के दिल्याची तारीख आणि वेळ कार्डावर लिहून, घरच्यांना दाखवूनच बाळ घरी सोडा. आणि घरी, रिक्षात, ऊसाच्या फडावर जन्मलेल्या बाळांचं काय? त्यांनाही लगेच दवाखान्यात नेऊन हे इंजेक्शन मिळालं पाहिजे, आशाताईंनी एवढं विचारावं.

– एक आजी, सोलापूर