मोफत कानतपासणीचा अर्धा आलेख

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पेपरात घातलेली 'मोफत कानतपासणी शिबिरा'ची पत्रके हल्ली वरचेवर हाती पडतात. शिबिर सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर मंडळाच्या कार्यालयात. थोड्या वेळात आलेखाचा कागद मिळतो आणि त्याच टेबलावर कानाच्या मशीनचे दर सांगितले जातात. मशीन विकायला माझी हरकत नाही, हरकत त्या कागदाला आहे. तो अर्धाच असू शकतो, आणि अर्धा आहे की पूर्ण हे ओळखायला डॉक्टर असावे लागत नाही.

हा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. तो दिसतो तितका अवघड नसतो. आडव्या रेषेवर डावीकडे २५० हर्ट्झ म्हणजे जाड, घोगरा स्वर आणि उजवीकडे ८००० हर्ट्झ म्हणजे शिट्टीसारखा बारीक. उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा, पण वरून खाली मोजलेले. त्यामुळे रेघ जितकी खाली, तितके ऐकणे कमी. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. त्या त्या स्वरात निम्म्या वेळा तरी ऐकू आलेला सर्वांत हळू आवाज एवढाच प्रत्येक खुणेचा अर्थ. वरचे शून्य म्हणजे शांतता नव्हे, ती निरोगी तरुण कानांची सरासरी आहे. एखाद्याला उणे पाचलाही ऐकू येते.

हे गोल आणि फुल्या हेडफोन लावून केलेल्या तपासणीच्या. आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर, तिथून तीन इवल्या हाडांवरून आतल्या कानात जातो. तपासणीचा दुसरा भाग म्हणजे कानामागच्या हाडावर कंपन देणारी छोटी डबी लावणे. तिचा आवाज नळी आणि पडद्याला वळसा घालून थेट आतल्या कानाशी पोचतो. त्याच्या खुणा कोनासारख्या किंवा चौकटी कंसासारख्या असतात. डबीने चांगले ऐकू येते आणि हेडफोनने कमी, असे असेल तर अडथळा वाटेत आहे: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साचलेले पाणी. यावर अनेकदा उपचार असतात. दोन्ही खुणा बरोबरीने खाली असतील तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा. दुसऱ्या खुणा नसतील आणि ऐकणे कमी आले असेल, तर मशीन हवे की नुसता मळ काढायला हवा हे सांगणार कसे?

माझे वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात, कामाला होते. आमच्याकडच्या शिबिरात मिळालेल्या त्यांच्या कागदावर फक्त गोल आणि फुल्या होत्या. कानात डोकावूनही कोणी पाहिले नव्हते. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि खाली टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. पंख्याची घरघर जाड स्वरांना झाकते, म्हणून २५० आणि ५०० वरची रेघ उगाच खाली दिसते. शिवाय "४५ आलेत, म्हणजे ४५ टक्के बहिरेपणा," असे सांगण्यात आले. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत ३५ ते ४९ डेसिबल हा मध्यम श्रवणदोष. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांना ६० ते ७० डेसिबल असेल तर 'कमी ऐकणारा' आणि ७० असेल तर 'बहिरा' धरतात.

नंतर सरकारी रुग्णालयात आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मळाचा बुचासारखा गोळा काढला आणि मग बंद खोलीत पूर्ण तपासणी झाली. जाड स्वरांची रेघ बरीच वर आली. ४००० च्या आसपास मात्र दोन्ही खुणा बरोबरीने कोसळलेल्याच राहिल्या. गोंगाटात काम करणाऱ्यांचा खड्डा नेमका तिथे पडतो, आणि पुढे वय बाजूचे बारीक स्वरही नेते. वडिलांच्या बाबतीत साचे आणि वय दोघांचाही वाटा. म्हणूनच भाजीवाला "साठ" म्हणाला की ते आठ रुपये पुढे करतात. 'स' बारीक स्वरात असतो, तो गळला की उरतो 'आठ'. आवाज ऐकू येतो, शब्द उमगत नाही. (घरातले मात्र याला 'सोयीचा बहिरेपणा' म्हणतात!) यासाठी शब्द ऐकवून केलेली चाचणी लागते, तीही आपल्या भाषेतल्या शब्दांनी. मशीन त्यांना पुढे लागले, पण ते बारीक स्वरांपुरते बसवलेले.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. दोन कानांत बराच फरक असेल तर खराब कान तपासताना चांगल्या कानात 'सूं' असा आवाज सोडावा लागतो, नाहीतर चांगला कानच परस्पर उत्तर देतो. आणि टिम्पॅनोमेट्री ही पडद्याच्या दाबाची चाचणी झाली असेल तर 'ए' प्रकारचा आलेख म्हणजे ठीक. 'बी' म्हणजे सपाट रेघ, मागे पाणी किंवा पडद्याला भोक असू शकते. 'सी' म्हणजे आत दाब कमी. एखाद्या सकाळी एक कान अचानक बंद झाला, तर शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तिथे दिवस मोलाचे असतात.

मुंबईत पूर्ण तपासणीची वानवा नाही. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात तर हा विषय साठच्या दशकापासून शिकवला जातो. माझी मागणी एवढीच: शिबिराच्या प्रत्येक कागदावर कोणत्या चाचण्या केल्या आणि कोणत्या केल्या नाहीत हे मराठीत छापावे, खाली ऑडिऑलॉजिस्टचा, म्हणजे श्रवणतज्ज्ञाचा, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. आपणही असे पत्रक पेपरात घालायला घेताना तो क्रमांक मागावा, आणि ३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनी एक पूर्ण आणि एक अर्धा आलेख शेजारी शेजारी छापावेत.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई