गाळा घेताना टेप सोबत न्या

महोदय,

पुनर्विकास झालेल्या वस्तीत घड्याळदुरुस्तीसाठी भाड्याचा गाळा बघायला गेलो होतो. करारात क्षेत्रफळ 300 चौरस फूट. टेप लावून मोजले, तर आत जेमतेम 210 भरले. बाकीचे जिने, लॉबी आणि भिंतींच्या नावावर. त्यात मधोमध खांब, नेमका काउंटर यायचा तिथेच. भाडे मात्र पुऱ्या 300 चे.

खरा घोर भाडेवाढीचा आहे. दरवर्षी 10 टक्के ऐकायला किरकोळ वाटते, पण ही वाढ वाढलेल्या भाड्यावरच होत जाते आणि नवव्या वर्षी भाडे दुपटीच्या वर जाते. देखभाल खर्च वेगळा. वरचे मजले तर अजून रिकामे! माणसे राहायलाच आली नाहीत, तर गिऱ्हाईक येणार कुठून? तोवर भाडे कमी ठेवा, एवढेच मी मागितले. ‘करार ठरलेला आहे, बदल होणार नाही,’ असे उत्तर मिळाले.

माझ्यासारख्या छोट्या दुकानदारांना कळकळीने सांगतो, प्रत्यक्ष वापरायच्या जागेचा आकडा करारात लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे करार मधेच मोडता न येण्याची मुदत, फक्त आपल्यालाच बांधते की मालकालाही, हे सहीआधी वाचा. मी सही न करता परत आलो.

– एक घड्याळ कारागीर