शर्यत सोडली नव्हती

राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धेत हौशी मुले शर्यत अर्धवट सोडतात, ही आपल्या क्रीडा पानावरील लेखातील तक्रार वाचली; गेल्या वर्षी कनिष्ठ गटात उतरलेला मी त्या मुलांपैकीच एक. क्रॉस-कंट्री प्रकारात, म्हणजे खडबडीत वाटेवर फेऱ्या मारण्याच्या शर्यतीत, आघाडीच्या स्पर्धकाला पहिल्या फेरीस लागलेल्या वेळेच्या ८० टक्क्यांइतका जो मागे पडतो, त्याला नियमानुसार पंचच बाहेर काढतात. मलाही असेच थांबवले गेले, आणि पाय तर तोवर थकलेही नव्हते. मी मागे पडलो तो दगडधोंड्यांच्या उतारावर. तेथे ब्रेक कधी सोडावा, हे डांबरी रस्त्यावर शिकता येत नाही. सिंहगडाच्या घाटाने दम वाढतो, एवढेच. मुलांच्या जिद्दीवर बोट ठेवण्यापूर्वी सरावासाठी आखीव, कायमस्वरूपी वाटा किती आहेत, हे लेखकाने पाहायला हवे होते. मला तशी वाट प्रथम दिसली ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी.

– एक हौशी सायकलपटू, पुणे