कट्टबेडी, कोय्यबेडी, ओडबेडी

सिस्टर, नमस्कार.

माझा चेहरा तुम्हाला आठवणार नाही. श्रावणात तुम्ही आमच्या मराठी शाळेच्या खोलीत प्रथमोपचार शिकवायला आलात, तेव्हा मी दाराजवळ चपलांच्या शेजारी बसले होते. खरं सांगते, शिकायला आलेच नव्हते. महिला संघाच्या वहीत सही नसली की कर्जाच्या वेळी बोलणी खावी लागतात, म्हणून आले होते. घरी म्हैस गाभण, लक्ष सगळं तिकडं.

तुमचं मराठी अडखळत होतं आणि आमचं कन्नड बसवरचा बोर्ड वाचण्यापुरतं. म्हणून साप चावल्याचं सांगताना तुम्ही फळ्यावर तीनच कन्नड शब्द लिहिलेत, तेही देवनागरीत. कट्टबेडी, कोय्यबेडी, ओडबेडी. बांधू नका, कापू नका, पळू नका. आणि पहिलीच्या पोरांकडून पाढे म्हणून घ्यावेत तसे आमच्याकडून म्हणून घेतलेत. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. घरी जाताना वाटेत एकमेकींना "ओडबेडी गं" म्हणून चिडवत होतो.

कार्तिकात आमची रताळी काढणी सुरू झाली. बेळगावजवळच्या राकसकोपच्या वाटेवरची लाल जमीन, वेल हातभर माजलेला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, वेल ओढून बाजूला टाकत होत्या. कुकरची शिट्टी सुटायच्या आधी जसा फुस्स आवाज येतो तसा एक आवाज मला आला, आणि आत्ती "आई गं" म्हणून खालीच बसल्या. घोट्याच्या वर रक्ताचे दोन थेंब. वेलाखालून जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके असलेली घोणस सरकत बांधाकडं गेली. दीर कुदळ घेऊन तिच्यामागं निघाले, त्यांना मी पहिल्यांदा ओरडून थांबवलं. सापाच्या मागं गेलं की दवाखान्यात एकाऐवजी दोघं जातात, हे तुमचंच वाक्य.

परत येऊन त्यांनी पोत्याची सुतळी काढली. चांगली घट्ट, तीन फेरे मारायच्या तयारीत. शेजारच्या शेतातली माणसं जमलीच होती. कुणी म्हणालं, "बांध की लवकर, विष वर चढालंय!" कुणी ब्लेड शोधायला लागलं. एक म्हातारे मंत्र घालणाऱ्याकडं न्यायला गाडी वळवा म्हणाले. सिस्टर, त्या घोळक्यात सून म्हणून उभं राहून "बांधायचं नाही" म्हणणं किती अवघड असतं, ते तुम्हाला ठाऊक असणार. माझ्या तोंडून मराठी फुटलंच नाही. "कट्टबेडी!" असं मी किंचाळले. सगळे गप्प. कन्नडात ओरडली म्हणजे काहीतरी सरकारी असणार, असं वाटलं असेल त्यांना.

माझ्या माहेरी काकांना असाच साप चावला होता. दोरी करकचून बांधून त्यांना रात्रभर देवळात बसवलं. जीव वाचला, पायाची दोन बोटं गेली. वाचले म्हणून मंत्राचं नाव झालं, बोटांचा हिशेब कुणी केला नाही. तुम्ही सांगितलंत तेव्हा उलगडा झाला. पुष्कळ साप बिनविषारीच असतात, विषारीही कधी कधी नुसताच चावतो, विष सोडत नाही. तिथं मंत्र 'लागू' पडतो. आणि घोणशीचं विष चावल्या जागचं मांस खातं, दोरीनं ते तिथंच कोंडलं की पाय सडायला वेळ लागत नाही.

पण खरी लढाई जोडव्यांवर झाली. सूज येते, म्हणून अंगठी, बांगडी, जोडवी आधी उतरवा, असं तुम्ही वर्गात सांगितलं होतंत, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या बायकांनी नाक मुरडलं होतं. आत्ती तर उन्हात घामानं भिजलेल्या, पाय ठणकतोय, आणि म्हणतात कशा, "मालक धडधाकट असताना जोडवी काढू? काय करालीस गं?" मी म्हटलं, "आत्ती, दवाखान्यातनं आलं की परत घाला." हेही तुमचंच. मामा, म्हणजे माझे सासरे, बाजूला उभे होते, ते म्हणाले, "काढ, काढ. मी काय एवढ्यात मरत नाही." बोट तोवर फुगायला लागलेलं. साबण कुठला शेतात? जेवणाच्या डब्यातल्या लोणच्याचं तेल बोटाला लावलं आणि फिरवत फिरवत एकेक जोडवं काढलं. दुसऱ्याला फार वेळ लागला. ती चार जोडवी माझ्या पदराच्या गाठीत दिवसभर होती.

मग पायाला बांबूची काठी लावून दोन टॉवेलांनी सैल बांधलं, आत बोट जाईल इतकं. त्यावरही आत्ती म्हणाल्या, "बांधू नको म्हणतीस आणि स्वतः बांधालीस!" पाय हलू नये म्हणून काठी असते, विष अडवायला नाही, हे मी त्यांना नंतर दवाखान्यात समजावलं.

108 ला फोन नवऱ्यानं लावला. आमच्याकडं टॉवर कधी इकडचा पकडतो, कधी महाराष्ट्रातल्या चंदगडकडचा. फोन उचलल्यावर आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा, रडणं नंतर, असं तुम्ही बजावलं होतंत. त्यानं तसंच सांगितलं. शेतात गाडी येणार नव्हती, तेव्हा आत्तींना चालू न देता बाईकवर दोघांच्या मध्ये बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. चावल्याची वेळ मी पेनानं माझ्या तळहातावर लिहिली होती, 10:20. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, मी हात पुढे केला.

त्यांनी थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर उभं ठेवलं. न हलवता 20 मिनिटं. मी त्या नळीकडं बघत होते, दुसरं काही सुचत नव्हतं. वेळ झाल्यावर डॉक्टरांनी नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं घरंगळलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष अंगात भिनलं होतं. मग घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चौघांवर चालणारं ते एकच औषध सलाईनमधून सुरू झालं. तिथल्या नर्स म्हणाल्या, दोरी नाही बांधली ते बरं केलंत. मी म्हटलं, आम्हाला शिकवलंय. किती ऐटीत म्हटलं म्हणून सांगू! आठ दिवसांनी आत्ती घरी आल्या.

वर्गात तुम्ही आणखी पुष्कळ शिकवलं होतंत. फिट आली की तोंडात चमचा, नाकाला कांदा-चप्पल काही नको, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. भाजल्यावर टूथपेस्ट नको, 20 मिनिटं नळाचं पाणी. घशात अडकलं तर पाठीत पाच थापा, नाही निघालं तर पोटावर पाच दाब. आणि श्वास थांबलेल्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची, बोटभर नाही, चांगली पाच सेंटिमीटर. गव्हाच्या पोत्यावर दाबताना माझ्या मनगटाला कळ लागली होती, तेव्हा मी तुमच्या नावानं बोटं मोडली. ते शब्द मागं घेते. (पुरुषांनी मात्र एकच प्रश्न विचारला होता, अपघातातल्या माणसाला उचललं तर पोलीस मागं लागतील काय. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून आपल्या कर्नाटकात 2016 चा कायदा आहे, असं तुम्ही सांगितलंत, तरी त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.)

आता तुमची बदली झाली म्हणतात, म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय. जिथं असाल तिथं कुणीतरी वाचून दाखवेल. तुम्हाला धन्यवाद कन्नडात म्हणायचं होतं, पण धन्यवादला कन्नडातही धन्यवादच म्हणतात म्हणे. आत्तींनी रताळ्याचं अर्धं पोतं तुमच्यासाठी निवडून ठेवलंय, बारकी नाहीत, मधली गोड. पत्ता कळवा. सूज उतरली, जोडवी परत पायात गेली, फक्त डाव्या पायातलं एक अजून घट्ट होतंय. ते देव्हाऱ्यातल्या डबीत आहे.

तुमची,
दाराजवळ बसलेली