पट्ट्याला झोळ पडला, ताई

ताई,

आमचं कुत्रं, बंड्या, शहाणा झाला म्हणणं अजून घाईचं होईल. पण फिरताना पट्ट्याला झोळ पडू लागलाय, आणि तो पडला की तुमची आठवण येते. आभार नीट मानायचे राहून गेले होते, म्हणून हे सगळ्यांसमोर.

त्याला न ओढता चालायला शिकवायला तुम्ही आलात, पण आल्या आल्या पट्टा हातात घेतला नाहीत. त्याच्याकडे अंग वळवून उकिडव्या बसलात, हात हुंगू दिलात, मग गळ्यातली आवळणारी साखळी काढून अंगठ्याने मानेवरचे केस मागे सारलेत. खाली केस झडलेले, कातडी लाल. दोषाचा एक शब्द नाही. साखळी माझ्या हातात ठेवून एवढंच म्हणालात, ‘ही आता नको.’ बाकी सगळं नंतर शिकता आलं असतं, हे नाही.

आधीच्या प्रशिक्षकाचं पालुपद एकच होतं: हा तुमच्यावर हुकूमत गाजवतोय, झटका द्या. नऊ महिन्यांचं कुत्रं म्हणजे वयात येणारं पोर, हुकूमत कसली? त्याला समोरच्या कुत्र्याकडे धावायचं असतं आणि अजून स्वतःला आवरता येत नाही. झटक्याने श्वासनळीवर दाब येतो. वर तो झटका नेमका दुसरं कुत्रं दिसतानाच बसतो, म्हणजे ‘कुत्रं दिसलं की दुखतं’ हे डोक्यात पक्कं. मग भुंकणं वाढतं, आणि त्यावर पुन्हा झटकाच. पैसे घेऊन हे शिकवणाऱ्यांवरचा राग अजून गेलेला नाही.

तुमचं सगळं किती साधं! छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी धडाभोवती बांधायचे पट्टे), दोन मीटरचा साधा पट्टा. आपोआप गुंडाळला जाणारा नको, कारण तो कायम ताणलेला राहतो आणि ओढलं की लांबतो, म्हणजे ओढण्याचं बक्षीसच. पट्टा ताणला की थांबायचं, झोळ पडला की निघायचं. वाटाण्याएवढा खाऊ आपल्या पायाला हात टेकवून, पँटच्या शिवणीपाशीच द्यायचा. हात पुढे केला की कुत्रंही पुढे जातं. दिवसभराचा खाऊ जेवणातून वजा.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती दोन कड्यांची युक्ती. नऊ वेळा थांबलो आणि दहाव्यांदा घाईत ओढू दिलं, तर ‘चिवटपणे ओढलं की जमतं’ हाच धडा तो शिकतो. म्हणून घाईच्या दिवशी पट्टा हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, तेव्हा शिकवणी बंद. छातीच्या कडीला लावला की नियम चालू, आणि तिथे सूट नाही. काही दिवसांत फरक त्याला कळतो. हे आधी कुणी का सांगितलं नाही?

दुसऱ्या कुत्र्यापासून किती लांब थांबायचं, हे खाऊच सांगतो. आवडीचा तुकडा नाकाशी नेऊनही तोंड लावत नसेल तर आपण फार जवळ आलोय. त्या वेळी हाका मारणं, ‘बस, बस’ म्हणणं व्यर्थ. वळायचं, वीसेक पावलं मागे जायचं. तो पुन्हा खाऊ लागला की कामाला सुरुवात: त्याने कुत्र्याकडे पाहिलं, आपण लगेच ‘हो’ म्हणालो, खाऊ दिला. पुढच्या वेळी एकच पाऊल जवळ.

तुमच्या बोलण्यात खेकसणं नव्हतं, ना कुत्र्यावर, ना माणसावर. मुक्या जनावराची मान आधी तपासणारं माणूस कुणाशीही असंच वागत असणार. अशी माणसं भेटतात म्हणून मदत मागायची हिंमत होते.

काल त्याच्या मानेवरून अंगठा फिरवून पाहिला. कोवळे केस आलेत, ताई.